टपरीवरचे सरनोबत

भोरच्या एसटी स्टँडपासून वेल्ह्याच्या बाजारपेठेपर्यंत चहाच्या कुठल्याही टपरीवर घटकाभर बसलं, की एक सरनोबत भेटतोच. त्याच्या हाताखाली फौज नसते. धाकटा भाऊसुद्धा त्याचं ऐकत नसतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, खिशात खताच्या दुकानाच्या किल्ल्या, आणि ओळख व्हायच्या आत समोरच्याला पहिला प्रश्न : "सांगा, राजगड घ्यायचा झाला तर तोफा कुठून चढवाल?" समोरचा बिचारा पंक्चरवाला कुठे बसतो एवढंच विचारायला आलेला असतो.

सरनोबताचं युद्धशिक्षण पुण्यात झालं. कॉलेजसाठी तो कात्रज ओलांडून गेला तेव्हा सायबर कॅफेंचे दिवस होते. तासावर पैसे घेणाऱ्या तसल्याच एका अंधाऱ्या खोलीत त्याची आणि १९९९ साली निघालेल्या 'एज ऑफ एम्पायर्स टू'ची गाठ पडली. पदवीचा शेवटचा पेपर सुटला की नाही, यावर घरात अजून दोन मतं आहेत. पण वॉलेस, जोन ऑफ आर्क, सलादीन, चंगीझखान आणि बार्बारोसा या पाचही मोहिमा त्याने पुऱ्या केल्या, याबद्दल दुमत नाही.

या खेळात चार गोष्टी गोळा कराव्या लागतात : अन्न, लाकूड, सोनं आणि दगड. ५० अन्न मोजलं की एक गावकरी तयार होतो, एक घर बांधलं की पाच माणसांची सोय होते, किल्ल्याला ६५० दगड लागतात. सरनोबताचं अर्थशास्त्र इथे सुरू होतं आणि इथेच संपतं. चुलतभावाच्या लग्नात आचाऱ्याने किती पानं धरायची विचारलं, तर हा म्हणाला, "आधी पॉप्युलेशन लिमिट ठरवा." भातलावणीला माणसं मिळेनात म्हणून आई कावलेली असताना याने तिला बाई-माणसांच्या टंचाईची कारणं समजावून सांगितली, तीही बांधावर उभं राहून, पायाला चिखल न लावता. खेळात पूर्णविरामाची कळ दाबली की रिकामा बसलेला गावकरी लगेच पडद्यावर येतो. ती कळ आषाढात आईच्या हाती असती, तर पहिल्याच दाबाला टपरी दिसली असती.

चीट कोड मारणाऱ्याला मात्र तो माफ करत नाही. 'चीज स्टेक जिमीज' अशी अक्षरं टाइप केली की या खेळात फुकटात दहा हजार अन्न जमा होतं. "इथं इंद्रायणी हाताला लागायला चार महिने जातात, आणि तू एका ओळीत कोठार भरतोस?" असं म्हणून त्याने एका पोराला तीन दिवस टपरीबंदी केली होती. टपरी त्याची नव्हती, ही गोष्ट वेगळी.

जाणकार माणसाला या जमातीत दोन पोटजाती दिसतील. भोरकडचा सरनोबत संस्थानी वळणाचा. तो खेळ सुरू होताच सैन्याकडे बघत नाही, डिप्लोमसीचा तक्ता उघडतो. कारण विचारलं तर १६५९ सालात जातो. अफजलखान आला तेव्हा आदिलशाही फर्मानं मावळच्या देशमुखांना पोचली. कारीचे कान्होजी जेधे महाराजांकडे राहिले, उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोन्ही गावं आजच्या भोर तालुक्यातलीच. "एका खोऱ्यात एवढी उलथापालथ होते, आणि तू पलीकडच्या हिरव्या रंगाला मित्र समजून चाललायस?" असा त्याचा सवाल असतो.

वेल्ह्याचा सरनोबत उंचीवाला. २०२४ साली मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगडाचं नाव द्यायचा निर्णय घेतला, तेव्हापासून तर त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. खेळाचा एक नियम त्याने ताईतासारखा जपलाय : उंचावरून मारलं तर घाव पाव पटीने जास्त बसतो, खालून वर मारलं तर पाव पटीने कमी. १,४०३ मीटरच्या तोरण्याखाली जन्मलेल्या माणसाला हा नियम परदेशी कंपनीने शिकवावा याचं त्याला थोडं वाईट वाटतं, पण तो ते बोलून दाखवत नाही.

या दोघांकडेही अडलेली पोरं येतात. २०१९ मध्ये खेळाची नवी आवृत्ती आल्यापासून जास्तच.

"दादा, जोनचं पहिलंच मिशन होईना. मोजकी माणसं देत्यात आन् वाटंत बर्गंडीवाले गाठून मारत्यात."

"मग तू त्यांच्याशी लढतोस कशाला? काम काय दिलंय तुला?"

"जोनला शिनोंच्या गढीत न्यायचंय."

"न्यायचंय ना? मग ने. पन्हाळ्यावरनं निघालेल्या माणसानं वाटंतली गावं जिंकत बसायचं असतं का?"

पोरगं गेलं, आणि म्हणे मिशन झालं. पण टपरीवर खरी लढाई तिथून पुढे पेटली, कारण पन्हाळ्याचं नाव निघालं की शेजारच्या बाकावरचे निवृत्त गुरुजी पेपर खाली ठेवतात. जुलै १६६० मधला तो पल्ला. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून महाराज विशाळगडाकडे चालले, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं मागे थांबली. बाजीप्रभू हिरडस मावळातल्या शिंदचे, म्हणजे भोरकरांना घरचेच. सरनोबत या लढाईला "टायमरचं मिशन" म्हणतो. जिंकायचं नाही, ठरलेला वेळ टिकायचं; अरुंद वाटेत पाठलागावरच्या शंभरातले चारच लढू शकतात, बाकीचे रांगेत उभे.

"बाजीप्रभूंना तू टायमर म्हणतोस?" गुरुजींचा आवाज चढला.

"बाजींना नाही हो गुरुजी. विशाळगडच्या तोफांना."

गुरुजींनी पेपर उचलला. त्यांना उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर नव्हतंच. शौर्याचे पोवाडे टपरीवर सगळेच गातात. खिंडीची रुंदी, पावसातली वाट आणि तोफ वाजेपर्यंतचा वेळ यांचा हिशेब एकटा हाच मांडतो. माणूस डोक्यात जातो, पण त्याचं गणित चुकत नाही.

वेल्ह्याच्या सरनोबताने मात्र याच्यावर ताण केली आहे. खेळाबरोबर मिळणाऱ्या एडिटरमध्ये त्याने स्वतःचं मिशन रचलंय : तोरणा, १७०४. चारी बाजूंनी कडे, वर जायला बिनी दरवाजा आणि कोकण दरवाजा एवढ्याच दोन वाटा, वर झुंजार माची आणि बुधला माची. खेळणाऱ्याने घ्यायची बाजू मुघलांची. यावरून गावात त्याच्या निष्ठेबद्दल चर्चा झाली. त्याचं म्हणणं सरळ होतं : "मराठ्यांच्या बाजूनं खेळून करणार काय? वर बसून राहणार. मिशन अवघड कुणाला? खालच्याला."

खालचा म्हणजे औरंगजेब. त्या वेळी पंचाऐंशी वर्षांचा. १७०३ चा पावसाळा पुण्यात काढून त्याची फौज डिसेंबरात राजगडाला भिडली. गड फेब्रुवारी १७०४ मध्ये गेला, आणि लगेच पुढच्या महिन्यात तोरणा. सरनोबताच्या मिशनमध्ये मुघलांकडे सोनं अमाप आहे, माणसं पूर्ण २०० आहेत, तोफा आहेत. पोरं हसत हसत सुरुवात करतात. तोफा पायथ्याला पोचतात, वरून बाणांचा पाऊस पडतो, पाव पटीचा नियम लागू होतो, आणि अर्ध्या तासात दिल्लीचं तख्त परत पहिल्या सेव्हवर येतं. त्यातही लाईट गेली तर सेव्हसुद्धा नाही. वेल्ह्यात आषाढात "कसं काय?" असं कुणी विचारत नाही, "सेव्ह केलंस का?" असं विचारतात.

मग कुणीतरी हुशार पोरगं मंक विकत घेतं. १०० सोन्याला एक मंक; तो दुरून पुटपुटतो आणि समोरचा शिपाई रंग बदलून आपला होतो. सरनोबत यावर खूश होतो, कारण औरंगजेबानेही हेच केलं. १७०२ साली विशाळगड, १७०३ साली सिंहगड, दोन्हीकडे तलवारीपेक्षा थैलीने जास्त काम केलं. खेळात मंकला माणसं फितवता येतात, किल्ला फितवता येत नाही. आलमगीराला मात्र आतल्या माणसांसकट किल्ले मिळत गेले. पण तोरण्यावर ही युक्ती चालत नाही, कारण त्या मोहिमेत लाच न देता, चढून जाऊन घेतलेला गड म्हणून इतिहासकार तोरण्याचंच नाव घेतात. बादशहाने त्याचं नाव ठेवलं फुतूह-उल-गैब, म्हणजे दैवी विजय. हे सरनोबताला माहीत असल्यामुळे त्याने कड्याखाली एका ठिकाणी ट्रिगर लपवून ठेवलाय : तिथे शिपाई मुकाट्याने उभे ठेवले, की काही वेळाने ते वर माचीवर उगवतात. दोरावरून चढल्याचं दाखवायला खेळात दुसरी सोय नाही. जागा कुठली, हे तो सांगत नाही. चहा पाजला तर दिशा सांगतो. मिसळ दिली तर दिशा बदलतो.

तोरणा चार वर्षांत सरनोबत नागोजी कोकाट्यांनी परत घेतला. टोपणनाव पडलं ते त्यांच्याचमुळे : टपरीवरच्या प्रत्येक वादात याने त्यांचं नाव घेतलं, शेवटी लोकांनी हुद्दा यालाच चिकटवून टाकला.

मध्यंतरी भाच्याने त्याला 'एम्पायर : टोटल वॉर' आणून दिला. २००९ चा खेळ, मोहीम १७०० सालापासून सुरू होते, आणि चक्क मराठे खेळायला मिळतात. सरनोबत दोन रात्री बसला आणि नाराज होऊन उठला. लढाई तेवढी धावती, बाकी मोहीम पाळी-पाळीने चालते हे त्याला पटलं नाही. "औरंगजेब आपली पाळी यायची वाट बघत बसला असता, तर पुण्यातच मेला असता," असं त्याचं मत पडलं. तसा तो मेला १७०७ साली, अहमदनगरला. राजगडही त्याच वर्षी परत आला.

त्या १७०७ चं मिशन अजून बनलेलं नाही. दिवाळीनंतर बघू म्हणतो. तोरण्याचं मात्र तयार आहे आणि कुणीही मागितलं तर तो देतो. पेन ड्राइव्ह आपला न्यावा. व्हायरसची जबाबदारी सरनोबत घेत नाहीत.