खजिना नको, थर दाखवा

इंडियाना जोन्स 1981 साली पहिल्यांदा पडद्यावर आला. आल्या आल्या त्यानं पेरूतल्या एका देवळातून सोन्याची मूर्ती उचलली, देऊळ कोसळायला लागलं, मागून भलामोठा दगडी गोळा गडगडत आला आणि हा जीव घेऊन पळत सुटला. ते दृश्य आजही मी श्वास रोखून बघतो. भुयारं, नकाशे, शापित मूर्ती, पाठलाग हा सगळा ऐवज मला मनापासून आवडतो. आवडतो म्हणूनच त्याच्याशी भांडायचं आहे.

आधी त्याची बाजू. गोळीबार आणि साप हा वरवरचा मसाला झाला. खरी ओढ अशी की या गोष्टींमध्ये वाचता येणं हेच शस्त्र असतं. जुनी लिपी ज्याला लागते तो वाचतो, नुसतं पिस्तूल ज्याच्या हाती असतं तो खड्ड्यात जातो. शिकलेल्या माणसाचा इतका रोकडा विजय लोकप्रिय कथांमध्ये दुसरीकडे क्वचित दिसतो. शिवाय या गोष्टी सांगतात, तू उभा आहेस त्या जमिनीखाली कुणीतरी नांदून गेलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हे पटवावं लागत नाही. पडक्या गढीखालून थेट नदीपर्यंत भुयार गेलंय, ही कहाणी त्यानं लहानपणीच ऐकलेली असते.

आता भांडण. याच यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगाव तालुक्यात पाचखेड आहे. गावाबाहेर एक टेकाड आहे. 2023-24 साली नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागानं डॉ. प्रभाष साहू यांच्या नेतृत्वाखाली तिथं उत्खनन केलं. वस्तीचे थर निघाले 8.73 मीटर. एवढ्या उंचीत आजची दोन मजली इमारत सहज उभी राहते. तळाशी लोहयुग, त्यावर सातवाहन, त्यावर मध्ययुग, आणि सगळ्यात वर निजामाचा काळ, जेव्हा हे टेकाड टेहळणीसाठी वापरलं जात होतं. खापरं मिळाली, लोखंडी वस्तू मिळाल्या, दगडी मणी मिळाले, हाडाच्या वस्तू मिळाल्या. एका अख्ख्या घराचा मागमूस लागला: गोल आकार, चुन्याची जमीन, भोवती लाकडी खांब. आणि चूल. तळातली वस्ती साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची असावी, असा अंदाज आहे. नेमकं वय ठरवण्यासाठी नमुने दिल्लीच्या प्रयोगशाळेकडे पाठवायचं ठरलं.

चूल सापडली यावर कोण सिनेमा काढणार, असं निर्माते विचारतील. मी उलट विचारतो, का नाही काढणार? त्या चुलीत शेवटचा जाळ कुणी घातला? ते घर का सोडलं? पाणी आटलं, रोगराई आली, की माणसं नुसतीच पलीकडे सरकली? मग शेकडो वर्षांनी सातवाहन काळातल्या लोकांना नेमक्या त्याच जागी राहावंसं का वाटलं? एवढी प्रश्नांची साखळी एका टेकाडात असताना सोन्याची मूर्ती हवीच कशाला?

आमच्या नायकाचा गुन्हा मूर्ती पळवण्याइतका साधा नाही. तो थर मोडतो. उत्खननातली माणसं सुरी आणि कुंचला घेऊन बोटाबोटानं खाली जातात. मातीचा रंग बदलला की थांबतात. खापराचा तुकडा किती खोलीवर, कुठल्या कोपऱ्यात, कशाच्या शेजारी मिळाला हे लिहून घेतात, चित्र काढतात, मगच तो उचलतात. त्या शेजारामुळेच खापर बोलतं. नायक भिंत फोडून आत घुसतो, झळाळती वस्तू काखोटीला मारतो आणि पळतो. त्याच्या पायाखाली चेंदामेंदा झालेली खापरंच खरी साक्षीदार होती.

हे पुस्तकी रडगाणं वाटत असेल तर दायमाबाद आठवा. 1974 साली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावी एका भिल्ल माणसाला झाडाचं मूळ उकरताना चार कांस्यशिल्पं लागली: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यातला माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. साठ किलोंहून जास्त वजनाचं धातूकाम. जगभरच्या ग्रंथांत त्यांची छायाचित्रं छापली जातात. पण ती थराथरानं खोदून निघाली नाहीत, म्हणून ती नेमकी कुठल्या काळातली यावर विद्वान अजून एकमेकांशी झगडतात. यात त्या माणसाचा काही दोष नाही. तो झाडाच्या मागे होता, खजिन्याच्या नाही. पण सापडण्याचा थर निसटला की काय गमावलं जातं, याचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

आणि जे मुद्दाम खजिन्याच्याच मागे असतात, त्यांचं काय? आपल्याकडे त्याला गुप्तधन म्हणतात. अमावास्येची रात्र, लिंबू, कोंबडा, पहार, पायाळू माणसाचा शोध, आणि पैसे उकळून पसार होणारा मांत्रिक. एका रात्रीत टेकाडाच्या काळजात खड्डा पडतो. सकाळी बाहेर फेकलेल्या मातीत खापरं विखुरलेली असतात आणि हजार वर्षांची पानं एकमेकांत मिसळून गेलेली असतात. याच नादापायी माणसांचे, लेकरांचे बळी गेले आहेत. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या नावानं होणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल घ्यावी लागली, ती उगाच नाही. ‘तुंबाड’नं 2018 साली ही हाव किती कुजवते ते दाखवलं, म्हणून तो चित्रपट मला परदेशी साहसपटांपेक्षा मोठा वाटतो. बाकीचे लेखक अजून सोन्याच्या ढिगावर गोष्ट संपवतात आणि पहार घेतलेल्या माणसाला नायक ठरवतात. त्यांनी हे थांबवावं.

त्या पहारवाल्यांना एक कामाची गोष्ट कुणी सांगतच नाही. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं, केव्हा. चौकशीत तो बेवारस ठरला आणि जमीन दुसऱ्याची असली, तर वेगळा करार नसताना तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूची वा ऐवजाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजावा लागतो. लपवलात तर वाटाही जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे. आजवर वाचलेल्या कुठल्याच साहसकथेत जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन जाणारा नायक मला भेटला नाही. मला तो हवा आहे.

आणि सामग्री नाही अशी सबब मराठी लेखकांनी देऊ नये. नागपूरजवळच्या माहुरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात शिळावर्तुळांखाली माणसांसोबत घोडे मिळाले, तोंडावर तांब्याचे अलंकार चढवलेले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. रामटेकजवळच्या नगरधनला मातीचा अंडाकार ठसा मिळाला, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा, आणि त्यावर ब्राह्मी अक्षरांत नाव निघालं प्रभावतीगुप्ताचं. चंद्रगुप्त दुसऱ्याची लेक, वाकाटकांची सून, नवऱ्यामागे राज्य चालवणारी बाई. हुकमावर तिच्या नावाची मोहर उठत होती. कारस्थान हवं, दोन राजघराणी हवीत, पळवलेला दस्तऐवज हवा? सगळं आहे.

घड्याळाची टिकटिकही हवी असेल तर बुलढाण्यात पूर्णेकाठचं भोन आहे. डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी तिथं विटांचा स्तूप उजेडात आणला, आणि ती जागा जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्रात येते. पाणी चढायच्या आत शेवटचा थर वाचायचा, आणि धरणाचं पाणी ज्यांच्या शेतात जाणार आहे तीही खरी माणसं, त्यांचीही बाजू खरी. इथं खलनायक शोधायला निघालेला लेखक चांगलाच अडकेल, आणि तिथंच कादंबरी सुरू होईल. यवतमाळच्या कुणीतरी ती लिहायला घ्यावी. पाचखेड घराजवळ आहे, मातीचा रंग कुठं बदलतो ते आधी तिथं जाऊन बघता येईल. फक्त पहार घरी ठेवून जा.