दुसरं माकड, खिडकीजवळची जागा

वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही, त्यामुळे आमचा विमानप्रवास नागपूरपर्यंत जमिनीवरूनच होतो आणि तोच सगळ्यांत सुरेख असतो. पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी अशी गावं मागे पडतात, पिशवीत गोरसपाकाचे डबे एकमेकांशी कुजबुजतात, गाडीतले सगळे एकदम बोलतात आणि तरी कुणाचं काही अडत नाही. पुढे विमानात बसलं, की शेजारचा तरुण दोन्ही कानांवर मऊ गाद्या चढवून एक बटण दाबतो आणि त्याच्या चेहऱ्यावर, नुकतीच सही झालेल्या फायलीसारखी तृप्ती पसरते. लेकीच्या कृपेने अशा गाद्या आता माझ्याही कानांवर आल्या आहेत. हिंगणघाटच्या गिरणीचा भोंगा आणि कापसाच्या हंगामातली जिनची घरघर ऐकत वाढलेल्या कानांना हे लाड जरा जास्तच. पण लाडांची सवय व्हायला कानांना वेळ लागत नाही.

या हेडफोन नावाच्या यंत्राची युक्ती मोठी गमतीची आहे. ते आवाजाला अडवत बसत नाही. बाहेरची घरघर इवल्या मायक्रोफोनने टिपतं आणि तिच्या नेमकी उलटी लाट कानात सोडतं. तिथे उंचवटा असेल तर इथे खळगा. दोन्ही भेटतात आणि उरतं जवळपास काहीच नाही. दोन जावा एकाच वेळी कडाडल्या आणि घरात शांतता पसरली, असा हा चमत्कार. कानांवरच्या गाद्यांत ही युक्ती घालायचं सुचलं ते अमर बोस यांना. १९७८ मध्ये ते झुरिचहून अमेरिकेला परतत होते. विमानात ऐकायला दिलेलं संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेलं, तेव्हा त्यांनी बसल्या जागी या उपायाचं गणित मांडलं. ते वैमानिकांच्या कानांवर चढायला १९८९ उजाडलं आणि तुमच्या-आमच्यासारख्या उतारूंपर्यंत पोचायला २०००. बोस यांचे वडील नोनी गोपाल हे बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या पोलिसांना चुकवून अमेरिकेला गेलेले. बापाने सरकारचा कान चुकवला, मुलाने जगाचा झाकला.

मूळ कल्पना मात्र त्याहून जुनी. पाउल लुएग नावाच्या जर्मन माणसाला तिचं अमेरिकी पेटंट मिळालं जून १९३६ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले होते. त्याचं सेवाग्राम हे नाव पुढचं. म्हणजे शांततेचे दोन कारखाने एकाच सुमारास उघडले म्हणायचे. एकात दुसऱ्याचा आवाज पुसायचा, दुसऱ्यात स्वतःचा. गांधीजींचं सोमवारचं मौन असं पक्कं, की २ जून १९४७ ला, फाळणीसारखा विषय समोर असताना, माउंटबॅटनसाहेबांशी त्यांनी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून संवाद केला. व्हाइसरॉयचं बोलणं मात्र त्यांनी ऐकून घेतलं. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन धरलं, तेही तोंडाचंच. आमच्या जिल्ह्याच्या परंपरेत कान बंद करण्याची सोय फक्त एकाला आहे: बापूकुटीतल्या तीन माकडांपैकी त्या एकाला. गाद्या चढवून खिडकीला टेकलो, की काचेत मला तेच दिसतं. त्याला बिचाऱ्याला हातांनी कान धरावे लागतात. माझे हात चहाला मोकळे.

पण खरी मौज पुढे आहे. हे यंत्र संथ, जाड, एकसुरी घरघर उत्तम पुसतं. माणसाच्या बोलण्यापुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही. बोलणं क्षणाक्षणाला वळतं, उडतं, मध्येच हसतं, त्याची उलटी लाट कुठून आणायची? शिवाय वर साचलेली घरघर निघून गेली, की तळाचं बोलणं अधिकच नितळ दिसू लागतं. परवा असंच झालं. मी गाणं लावलेलं नव्हतं, नुसताच शांततेत बसलो होतो आणि मागच्या रांगेतल्या दोन बायांचं बोलणं अक्षर न अक्षर कानात येत होतं. लेकाकडे पुण्याला निघाल्या होत्या. सुनेला सातवा लागला होता, घरी म्हातारी एकटीच होती, गाय शेजाऱ्यांच्या हवाली केली होती, आणि दोघींचा वाद रंगला होता तो घरातल्या तुरीवरून. एक म्हणत होती भाव चढेल, दुसरी म्हणत होती सोंडे लागतील. ढगांच्याही वर, जिथून शेत म्हणजे नुसता हिरवा ठिपका, तिथे ही तूर पोत्या-पोत्याने माझ्याभोवती रचली जात होती. इंजिन पुसून टाकण्यासाठी बोसांनी आयुष्यातली वर्षं घातली आणि त्यातून माझ्या वाट्याला आली ती ही वऱ्हाडी घरगोष्ट. मला तर सौदा फायद्याचाच वाटला.

मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ‘‘या भाऊले देऊ का वं शेव?’’

‘‘त्याईले काय इचारतं? कानाले बुचं लावून बसले ना थे.’’

माझा हात आधी मागे गेला, गाद्या नंतर निघाल्या. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. ‘‘म्हंजे तुमाले सारं आयकू येत होतं!’’ एक म्हणाली, आणि शेवेचा डबा माझ्या हाताबाहेर ओढून धरत तिने विचारलं, ‘‘मंग आता तुमीच सांगा भाऊ, तूर इकाव का थांबाव?’’