वॅटचा पारा

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान दाखवलं ५६ अंश. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने नंतर केला, पण तोवर आकडा देशभर फिरून आला होता आणि नागपूरकरांना उकाड्यातही थोडं बरं वाटून गेलं होतं. मोठ्या आकड्याचं या गावाला वावडं नाही. म्हणून बर्डीच्या बाजारातून आणलेल्या होम थिएटरचं रिकामं खोकंसुद्धा समोरच्या खोलीत काही दिवस मुक्काम करतं. त्यावर ‘पीएमपीओ’ या नावाने काही हजार वॅट छापलेले असतात आणि ते पाहुण्यांच्या नजरेस पडायला हवे असतात. त्याच यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ते भिंतीतल्या सॉकेटमधून घेतं जेमतेम साठ वॅट. साठ घेऊन हजारो देणारं यंत्र खरंच निघालं असतं, तर कोराडीच्या वीजकेंद्राला कुलूप लावून तिथे चार स्पीकर मांडता आले असते.

माझं म्हणणं एवढंच की चांगला आवाज खोक्यावरच्या वॅटांपेक्षा मागच्या तारांवर जास्त अवलंबून असतो. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने; कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट एकाच स्पीकरची लाल तार काळ्याच्या जागी खोचली, की फुकटात सगळा बेस गायब. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, दोघे एकमेकांची खालची कंपनं खाऊन टाकतात आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायक खोलीभर पत्ता नसल्यासारखा तरंगत राहतो. मग प्रश्न निघतो, “भाऊ, बेस काहून नाही येऊन राहिला?” आणि उत्तर म्हणून आणखी मोठा सब-वूफर घरात येतो. खरं उत्तर भिंतीवरच्या घड्याळात असतं. तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवायच्या. स्पीकरच्या लाल टोकाला धन बाजू लागली की वूफरचा पडदा पुढे यायला हवा.

यावर शिकलेला माणूस हरकत घेतो, की स्पीकरमधला करंट मुळातच उलटसुलट फिरतो, मग लाल काय अन् काळी काय? हरकत बरोबर आहे, पण एका स्पीकरपुरती. एकटा बैल कुठेही तोंड करून उभा राहिला तरी कुणाचं काही बिघडत नाही. जोडी जुंपली की दोघांची तोंडं एकीकडे लागतात. आठ ओहमच्या दोन जोड्या एकाच टोकांना समांतर जोडणाऱ्यांचा उत्साहही असाच महागात पडतो. विरोध चार ओहमवर येतो, अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट करंट पुरवावा लागतो, बाहेर मे महिना आणि वर क्रोशाचा रुमाल. मग अ‍ॅम्प्लिफायर मधेच बंद पडला तर त्याला लोकल माल म्हणू नये.

सब-वूफरचं प्रकरण मात्र निवांत बघायला हवं. ज्याच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याला ‘सब आउट’मधून एक आरसीए केबल पुरते. खरी गंमत मागच्या बटणात असते. क्रॉसओव्हर, म्हणजे सब-वूफरने कुठवरचे सूर वाजवायचे ती हद्द, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला तर धडधड नेमकी कुठून येते हे कानाला कळत नाही. पण बटण असतंच फिरवायला, या श्रद्धेने ते २०० पर्यंत नेलं, की पुरुषाच्या बोलण्याचे मूळ सूरही त्या डब्यातून येऊ लागतात आणि बातम्या देणारा दिवाणाखालून बोलतो. पुढचा घोटाळा खोलीचा. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५८ मीटर धावतो. त्या हिशेबाने पंधरा फुटी खोलीच्या लांबीत ३९ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, आणि तो भिंतींपाशी जोरात, मधोमध जवळपास नाहीसा. मधल्या खुर्चीतले काका आवाज वाढवत राहतात, बेस मिळतो पलीकडच्या बिऱ्हाडाला. उपाय जगभर एकच सांगतात: सब-वूफर खुर्चीवर ठेवावा, आपण भिंतीकडेने रांगावं, आणि बेस जिथे स्वच्छ, सारखा वाटेल तिथे तो डबा न्यावा. बाप्या माणसाने रांगायचं का? मे महिन्यात नागपूरकर तसाही फरशीवरच असतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप खिडकीत बसलेला आहे. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घों घों करू लागल्यावर हे सूक्ष्म फरक ऐकणार कोण? इथे मी अर्धी माघार घेतो. कूलर हळुवार सूर गिळतो, यात वाद नाही. पण त्याच्यावर मात करायला बटण वाढवलं, की चुकीच्या जोडणीची फरफरही तितकीच वाढते, तेव्हा कूलरमुळे नीट जोडणीची गरज वाढतेच. आणि कूलर काही बारमाही नाही. तो थंडीत गप्प असतो, म्हणजे दिवाळीनंतर. अडचण अशी की दिवाळीच्या साफसफाईत तारा ओढून काढल्या जातात आणि ज्याच्या हाती लागतील तो त्या परत खोचतो. धुळीखाली लाल काय, काळी काय, ओळखू येत नाही. म्हणून काढण्याआधीच लाल तारेला दोन्ही टोकांशी एकेक गाठ मारून ठेवावी.