भाडेकरू मराठी, पाटी गुजराती

एकच वेब ॲप्लिकेशन पन्नास संस्थांना भाड्याने द्यायचं, ही आमच्या धंद्यातली चाळ. नळ सामायिक, जिना सामायिक. दारावरची पाटी तेवढी ज्याची त्याची. एका पतसंस्थेने सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडली. सकाळी मेन्यू मराठी, दुपारी चक्क गुजराती! कॅशेच्या, म्हणजे तयार पानांच्या साठ्याच्या, किल्लीत पानाचं नाव होतं, भाडेकरूचं नव्हतं. शेजारच्या खोलीतला आधी येऊन गेला, त्याचंच ताट यांच्यापुढे.

ते निस्तरलं, तर भाषांतर उभंच. 'सेव्ह'ला 'वाचवा'. कर्जखात्याच्या पानावर तळाशी हिरवं बटण: वाचवा! (पतसंस्थेचं कर्जखातं म्हटल्यावर अगदीच चूक नव्हतं म्हणा.) जिथे शब्दच नाही, तिथे गुपचूप इंग्रजी, त्याला म्हणे फॉलबॅक.

आणि चाचणी? टेस्टरने यादीतून मराठी निवडली, देवनागरी दिसली, 'पास' लिहून चहाला गेला. अहो, देवनागरी हिंदीचीही असते. मराठीचा कोड 'एमआर', हिंदीचा 'एचआय', एवढं तरी बघा. 'दुसऱ्या'तला र मोडत नाही ना, तेही पाहा. आणि दोन भाडेकरूंची खाती शेजारी-शेजारी उघडल्याशिवाय 'पास' लिहू नका, बाबांनो.