दहावा माणूस

कराडच्या बाजारपेठेत कापडाच्या एखाद्या भरल्या दुकानात मालकाला विचारावं, कामाला किती माणसं? उत्तर बहुधा ठरलेलं: "नऊ." मग शिडीवर चढून साड्यांचे गठ्ठे काढतोय तो? "तो आमचा भाचा." आणि दारात पार्सलं बांधणारा? तोही भाचाच. मामा मात्र भाच्याचा खाडा धरायला चुकत नाही.

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा दहा कामगारांपासून पुरता लागू झाला. वर्षाला 8 किरकोळ रजा, 8 भरपगारी सुट्ट्या, जादा कामाला दुप्पट मोबदला. दिवाळीच्या तोंडावर रात्री अकरापर्यंत कापड फाडणाऱ्या भाच्याला दुप्पट मिळतो तो वडापाव.

मराठी पाटी टाळायलाही हाच नऊचा आकडा कामी येतोय, हे 2022 मध्ये सरकारच्या लक्षात आलं. मग पाटीची सक्ती एका माणसाच्या दुकानालाही झाली. पाटीला हक्क मिळाला. पाटीखाली उभ्या पोराची रजा होती तिथेच राहिली.

किमान वेतनापुढे ही नऊची युक्ती चालत नाही. दुकानात एकच नोकर असला तरी ते द्यावंच लागतं. तिथे मग सहीच्या कागदावर एक रक्कम असते, पाकिटात दुसरी.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहाची रेषा वीसवर न्यायला मंजुरी दिली. आता भाच्यांना उजळ माथ्याने नोकर म्हणता येईल, अगदी एकोणिसाव्यापर्यंत.