टॉमीची झोप कोणी उडवली?

हाव वहिनी, आमचाच टॉमी होता तो. रात्रभर अंगणात फेऱ्या मारून रायला होता. तुमच्याबी झोपेचं खोबरं केलं असन.

नाई व, खोकल्यानं नाई. खोकला त्याचा जुनाच. पामेरियन न तो, वय झालं का त्याइची श्वासनळी ढिली पडते, दम घेतला का चपटी होते. त्यात आपल्या चंद्रपूरची धूळ न हे ऊन! म्हणून डॉक्टरनं डेरिफायलिन लिहून देल्ली. तुमच्या मामाजीच्या डब्यात आहे तेच दम्याचं औषध, पण टॉमीची मात्रा त्याच्या वजनावर काढलेली.

घोळ पुढंच झाला. मागच्या हप्त्यात त्याच्या पंजाले गळू झालं. आमचे हे त्याले दुसऱ्याच डॉक्टरकडे घेऊन गेले, एन्रोफ्लॉक्सासिन आणलं. पण हा पयलेच दम्याची गोळी खाते, हे तिथं सांगतलंच नाई! त्या अँटिबायोटिकनं दम्याचं औषध अंगातून लवकर निघत नाई म्हणते. गोळी तेवढीच, पण रक्तात साचत जाते. ओकारी काय, थरथर काय! छातीवर हात ठेवला तं ठोके मोजताच येईना. सकाळीच पयल्या डॉक्टरकडे नेला. म्हणे, बरं झालं आणला, याच्यापुढं झटकेच येते.

न आणखी ऐका. डॉक्टर इचारते, चहा पाजता काय? मी म्हटलं, चहाचा काय संबंध? तं ते म्हणे, डेरिफायलिनमधलं थिओफायलिन चहाच्याच भावकीतलं. 1888 साली कोसेल नावाच्या जर्मन माणसाले ते चहाच्या पानातच सापडलं. कॅफिन, चॉकलेटातलं थिओब्रोमीन, सारे एकाच खानदानातले. गोळी सुरू असताना वरून ते नको. मी म्हटलं, आमच्या घरी कोणी पाजत नाई. तं आमचा पोट्टा म्हणते, भिंतीपलीकडले आजोबा देते न, बशीतल्या चहात टोस्ट बुडवून!

अव, लाजता काहून? मामाजीवर रागावू नका, लळा आहे त्याइले. फक्त त्याइचा पंप खुर्चीवर ठेवू देऊ नका. कुत्र्याच्या दातानं डबा फुटला तं त्यातलं सारं साल्बुटामॉल एकदम तोंडात जाते, काळीज धावत सुटते, रक्तातलं पोटॅशियम घसरते. न रिटार्ड लिहिलेली गोळी कुटाची नाई. आमचे हे कुटून गुळात देत! हळूहळू सुटाचं औषध एकदमच सुटते मंग.

तुमच्या मनीले? तिले तं आपल्या डब्यातलं काहीच देऊ नका. मांजराच्या अंगातून टॉमीचं हे औषध कुत्र्यापेक्षाबी हळू निघते. न तापाची पॅरासिटामॉल? एक गोळी जीव घेते तिचा.

एकाचं औषध दुसऱ्याले कसं बाधते, ते आपल्या गडचिरोलीतली गिधाडं पाहा न. डायक्लोफेनॅक टोचलं बैलाले, मेलं गिधाड! मेलेल्या ढोराचं मांस खाल्लं न मूत्रपिंडं गेली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, तवरक आभाळ रिकामं झालं होतं. मंग कुनघाड्याकडे वनखात्यानं त्याइच्यासाठी उपाहारगृह काढलं, वहिनी, गिधाडांसाठी!

आता? बरा आहे टॉमी. दोन्ही औषधांची नावं फ्रिजवर चिकटवली, यांच्या डोळ्यासमोर.

अव, पाहा पाहा, तिकडं पाहा... मामाजी! ते बशी इकडं द्या पाहू!