कसारा लोकलमध्ये कोरी बातमी कशी दाखवावी

आसनगाव मागे पडले की आटगाव, खर्डी, उंबरमाळी करत लोकल कसाऱ्याकडे डोंगरात शिरते आणि मोबाइलची रेंज येते-जाते. मराठी संकेतस्थळ करणाऱ्याने ही संधी दवडू नये. प्रवाशाला बातमी उघडता यावी, पण वाचता येऊ नये, एवढेच साधायचे आहे.

सुरुवात फॉन्टच्या वजनांपासून करावी. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा देखणा देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो; एक्स्ट्रालाइट ते एक्स्ट्राबोल्ड अशी त्याची ७ वजने आहेत. बातमीला दोन पुरतात. सातही लादावीत. कसाऱ्यापुढे १:३७ चा चढ आहे म्हणून इगतपुरीकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर इंजिने लावतात. फोनला तशी सोय नाही, हे ओझे ठरवताना ध्यानात असावे.

फाइल टीटीएफच ठेवावी. डब्ल्यूओएफएफ२ तोच फॉन्ट ब्रॉटलीने दाबून बराच लहान करते, आणि २०१८ पासून डब्ल्यू३सीही तिची शिफारस करते. म्हणून तिच्या वाटेला जाऊ नये.

यानंतर मुख्य कामगिरी: 'फॉन्ट-डिस्प्ले'पुढे 'ब्लॉक' लिहावे. फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर साधारण ३ सेकंद अक्षरे लपवून ठेवतो. फोटो दिसतो, लिंकांखालच्या रेघा दिसतात, मजकुराच्या जागी पांढरे. 'स्वॅप' चुकूनही लिहू नये. अँड्रॉइडमधला नोटो फॉन्ट लगेच पुढे येतो, माणूस वाचायला लागतो आणि आपला फॉन्ट मागाहून निमूट जागा घेतो.

प्रीलोड जरूर करावे, फक्त त्यात 'क्रॉसओरिजिन' लिहायचे विसरावे. एकच फॉन्ट दोनदा उतरतो.

एवढे करूनही काटकसरीची हौस असेल, तर फॉन्ट छाटावा. देवनागरीच्या युनिकोड तक्त्यात १२८ जागा आहेत. तेवढीच चिन्हे ठेवून बाकी सगळे उडवावे. जोडाक्षरांना तिथे वेगळा क्रमांक नसतो, ती फॉन्टच्या पोटातल्या 'जीसब' नियमांनी जुळतात. ते नियम गेले की 'क्षेत्र'चे 'क्‌षेत्‌र' होते आणि वाचक पाय मोडलेली अक्षरे मोजत बसतो.

चाचणी मात्र न चुकता घ्यावी: ऑफिसच्या वायफायवर, स्वतःच्या लॅपटॉपवर, फॉन्ट आधीच कॅशेत असताना. पान क्षणात उघडते. लगेच बिल पाठवावे.